सुकाणू ते पॉवर स्टिअरिंग : वळवणाऱ्या हाताला मिळालेल्या मदतीचा इतिहास

१/ जामसंड्याहून हापूसच्या पेट्या घेऊन निघालेली गाडी देवगड-निपाणी मार्गाने फोंडाघाट चढते, तेव्हा चालक अवघड वळणेही हलक्या हाताने घेतो. हा हलकेपणा पॉवर स्टिअरिंगचा. मात्र या कल्पनेचा जन्म रस्त्यावर नव्हे, समुद्रावर झाला.

२/ देवगड तालुक्याला समुद्र नवा नाही. विजयदुर्ग हे मराठा आरमाराचे प्रमुख ठाणे. जवळच वाघोटण खाडीत आरमाराची गोदी होती. गुराबा आणि गलबते यांचे सुकाणू माणसाच्या बळावरच फिरे. जहाज जितके मोठे आणि समुद्र जितका खवळलेला, तितका हातांवरचा भार अधिक.

३/ १९व्या शतकात लोखंडी आगबोटींनी ही मर्यादा उघडी पाडली. ब्रुनेलची 'ग्रेट ईस्टर्न' १८५८ मध्ये पाण्यात उतरली. लांबी सुमारे २११ मीटर! एवढ्या जहाजाचे सुकाणू वादळात धरून ठेवणे हे एकट्यादुकट्याचे काम राहिले नाही.

४/ वाफेचे बळ उपलब्ध होतेच. अडचण आज्ञापालनाची होती. हात थांबला की यंत्रानेही नेमके तिथेच थांबले पाहिजे. जॉन मॅकफार्लेन ग्रे यांनी १८६०च्या दशकात 'ग्रेट ईस्टर्न'साठी केलेल्या यंत्रणेत सुकाणूची स्थितीच वाफेची झडप पुन्हा बंद करीत असे.

५/ फ्रान्समध्ये जोसेफ फार्को यांनी १८७३ मध्ये अशा यंत्रांवर ग्रंथ लिहिला आणि 'सर्वो-मोटर' ही संज्ञा रूढ केली. तिच्या मुळाशी 'दास' या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. बळ यंत्राचे, निर्णय माणसाचा.

६/ हे तत्त्व मोटारीत आणले अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस यांनी. १९२६ मध्ये त्यांनी पिअर्स-ॲरो मोटारीवर तेलाच्या दाबावर चालणारे स्टिअरिंग दाखवले. पुढे महामंदीच्या काळात खर्चाचे कारण झाले आणि ते बाजारात आले नाही. युद्धकाळात चिलखती गाड्यांना त्याचा उपयोग झाला; सर्वसामान्य ग्राहकासाठी ते १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियलमधून आले.

७/ वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा क्रायस्लरशीच करार होता. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्या समूहाच्या मोटारी जुळवल्या जात. तरीही याच कंपनीच्या पद्मिनीला पॉवर स्टिअरिंग नव्हते. मुंबईच्या टॅक्सीचालकांच्या पिढ्यांनी खांद्याच्या बळावरच गाडी वळवली.

८/ तेलावरच्या यंत्रणेत इंजिनाच्या पट्ट्यावर पंप फिरतो, तेलाला दाब मिळतो आणि चक्र फिरेल त्या बाजूला झडप तो दाब पोहोचवते. चक्र आणि चाके यांचा यांत्रिक सांधा कायम असल्याने पंप बंद पडला तरी गाडी वळते. मात्र चक्र एकाएकी जड होते. इंधन वाचवण्यासाठी घाटाच्या उतारावर इंजिन बंद करणे म्हणूनच घातक. स्टिअरिंगची मदत जाते आणि ब्रेकचीही घटते.

९/ हा दास आजारी पडण्याआधी खुणा देतो. वळवताना घरघर, टाकीतील तेलाला फेस, काळपट रंग किंवा करपट वास, गाडीखाली डाग. पातळी सपाट जागी, टाकीवरील खुणांनुसार पाहावी. तेल उत्पादकाने सांगितलेलेच घालावे. पुन्हा पुन्हा तेल घालावे लागत असेल, तर गळती आहे असे समजून ती शोधावी. पट्ट्यावरील भेगा, नळ्यांचे सांधे आणि खाऱ्या हवेने गंजणारे क्लॅम्प पाहावेत. चक्र एका टोकाला दाबून धरून ठेवू नये. चाकांतील हवा कमी असली तरी स्टिअरिंग जड लागते, म्हणून ती आधी तपासावी.

१०/ १९८८ मध्ये सुझुकीच्या सर्वो या मोटारीत विजेवर चालणारे स्टिअरिंग आले. पूर्ण विद्युत प्रणालीत तेल, पंप, पट्टा यांपैकी काहीच नसते; तिथे बॅटरीची स्थिती आणि डॅशबोर्डवरील इशाऱ्याचा दिवा यांकडे लक्ष द्यावे लागते.

११/ कोकणात पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून त्यांची डागडुजी होते आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पुन्हा समुद्रात उतरतात. बंद पडल्यावर दुरुस्ती हा तिथला नियम नाही. निघण्यापूर्वी तपासणी हा आहे. आंब्याचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घाट चढणाऱ्या गाडीसाठीही तोच नियम योग्य.