रोजचा एक मिलिमीटर

इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते. काहीही नवे दिसले, की ‘हे सुरू कधी झाले, कोणी केले आणि त्याआधी लोक काय करत होते?’ असे तीन प्रश्न त्याच्या तोंडी आपोआप येतात. दहाएक वर्षांपूर्वी आमच्या शाळेतील आठवीची एक विद्यार्थिनी पायाला पोलादी कड्यांचा पिंजरा लावून वर्गात आली, तेव्हा माझ्या या खोडीने पुन्हा उचल खाल्ली. त्या पिंजऱ्याचा माग काढता काढता मी पुस्तकांतून इटली आणि सायबेरिया हिंडून शेवटी आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत परत आलो. तो प्रवास वाचकांपुढे मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

मुलगी तान्ही असताना तिच्या डाव्या गुडघ्याखाली हाडात पू झाला होता. लहान मुलाचे हाड टोकाजवळच्या एका कोवळ्या चकतीपाशी लांबीला वाढते. ती चकतीच जंतूंनी जायबंदी केली. उजवा पाय वाढत गेला, डावा मागे पडत गेला आणि तेराव्या वर्षी दोहोंत पाच सेंटिमीटरचे अंतर पडले. चांभाराने डाव्या चपलेला जाड तळ लावून दिला होता. परंतु प्रार्थनेच्या वेळी चपला बाहेर राहत आणि ती डाव्या पायाच्या चवड्यावर उभी राही. प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, सुविचार, सारा वेळ चवड्यावर. मी रोज समोर उभा असूनही हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षे लागली, हे येथे कबूल करतो.

आमच्या पिढीने असे पाय पुष्कळ पाहिले. माझ्या बाकावरचा एक सोबती पोलिओने बारीक व आखूड झालेल्या पायाच्या गुडघ्यावर हात दाबून चाले. त्या पायावर काही इलाज असू शकेल, हे त्याच्या घरी, शाळेत, कोणाच्याच मनात आले नाही. १९९५ साली देशभर पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली, तेव्हा मी नवा शिक्षक होतो. रविवारी शाळेच्या व्हरांड्यात बूथवर बसून बाळांच्या तोंडात थेंब पडताना पाहिले, की तो मित्र आठवे. जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधील एका बालिकेला झालेला पोलिओ हा नैसर्गिक विषाणूचा देशातील शेवटचा ठरला आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. आजार गेला. पण ज्यांचे पाय आधीच आखूड राहून गेले होते, त्यांचे काय? त्या प्रश्नाचे उत्तर मात्र आमच्या बालपणीच, फार दूरच्या एका गावी, तयार होत होते.

हाड लांबवण्याचा विचार जुना आहे. १९०५ साली इटलीतील बोलोन्या येथील आलेस्सांद्रो कोडिविल्ला या शल्यवैद्यांनी आपल्या २६ रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हाड कापायचे, टाचेच्या हाडातून खिळा घालायचा आणि रुग्णाला भूल देऊन त्या खिळ्याला जबर ओढ द्यायची, अशी त्यांची रीत होती. हाड हलत असे, पण कातडी, स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या यांना तो हिसका सोसत नसे. पुढे १९२७ साली अमेरिकेत लेरॉय ॲबट यांनी ओढ सावकाश द्यावी असे दाखवले. तरीही हाड न जुळणे, जखमा चिघळणे, पाऊल लुळे पडणे ही संकटे टळली नाहीत. तेव्हा शिकागोच्या फेमिस्टर यांनी १९३३ मध्ये निराळाच मार्ग सुचवला: निरोगी पायाच्या वाढीची चकतीच योग्य वेळी बंद करून टाकावी, म्हणजे आखूड पाय त्याला गाठेल. हा मार्ग सोपा व सुरक्षित होता आणि योग्य रुग्णात तो आजही वापरतात. पण मुलाची वाढ शिल्लक असेल तरच तो उपयोगी, आणि शेवटी चांगल्या पायाला मागे रोखूनच समता साधायची!

आता सायबेरियाकडे वळू. गाव्रिल अब्रामोविच इलिझारोव यांचा जन्म १९२१ सालचा. कॉकेशसच्या पायथ्याशी कुसार येथे, एका गरीब ज्यू कुटुंबात ते वाढले. वैद्यकीचे शिक्षण चालू असताना महायुद्ध आले. क्रिमियातील त्यांचे महाविद्यालय कझाकस्तानात हलवले गेले. १९४४ साली पदवी मिळताच त्यांची नेमणूक पश्चिम सायबेरियातील कुर्गान प्रांतात दोल्गोव्का या खेड्यात झाली. युद्धावरून परतलेले, हाडे मोडलेले, महिनोन्महिने प्लास्टरमध्ये अडकून पडलेले लोक त्यांच्या दारी येत. साधने तुटपुंजी आणि मदतीला मोठे तज्ज्ञ नाहीत. प्लास्टरमध्ये हाड हलते, म्हणून जुळत नाही. आणि सांधा मात्र हलत नाही, म्हणून आखडतो. हे कोडे उलटे कसे करावे, यावर त्यांचे मन बसले.

१९५१ च्या सुमारास त्यांनी उत्तर काढले. हाडातून आरपार बारीक तारा घालायच्या, त्या पायाभोवतीच्या पोलादी कड्यांना ताणून बांधायच्या आणि कड्या एकमेकींना आट्यांच्या सळ्यांनी जोडायच्या. सायकलच्या चाकात आरे ताणलेले असतात, तसा हा प्रकार. पहिल्या तारा सायकलच्या आऱ्यांच्याच होत्या, अशी आख्यायिकाही आहे. हाड घट्ट बसते, सांधा मोकळा राहतो आणि रुग्ण त्याच पायावर चालू शकतो. मूळ हेतू मोडलेली टोके एकमेकींवर दाबून धरण्याचा होता. मग लांबी कशी वाढली? त्याचीही एक गोष्ट सांगतात. एका रुग्णाला नट फिरवून फट आवळायला सांगितले होते. त्याने ते उलट्या बाजूला फिरवले. फट रुंदावत गेली आणि क्ष-किरणाच्या चित्रात पाहतात तो काय, त्या फटीत नवे हाड उमलत होते!

गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडून देऊ. पुढची तीन-चार दशके इलिझारोव यांनी त्या नवलाचे नियम शोधण्यात घालवली, हे अधिक महत्त्वाचे. कुर्गानला कुत्र्यांवर केलेल्या प्रयोगांतून वेग ठरला. दिवसाला अर्धा मिलिमीटर ओढले तर हाड वेळेआधीच जुळून पुढची वाट बंद होऊ शकते, दोन मिलिमीटर ओढले तर हाड नीट धरत नाही आणि भोवतीच्या मांसालाही इजा होते. एक मिलिमीटर योग्य. तोही एकदम ओढण्यापेक्षा चार वेळा पाव-पाव ओढणे बरे, आणि साठ सूक्ष्म टप्प्यांत विभागला तर त्याहून बरे. हाड बेताने ओढले, की त्यासोबत कातडी, स्नायू, नसा, रक्तवाहिन्या याही वाढतात. कोडिविल्लांना जे बळाने साधले नाही, ते येथे धिमेपणाने साधले.

मॉस्कोतील बड्या मंडळींना हे पचायला वेळ लागला. खेड्यातला हा डॉक्टर त्यांच्या लेखी पाने-नट चालवणारा कारागीर होता. १९६८ साली मात्र वालेरी ब्रुमेल कुर्गानला आले. उंच उडीतील टोकियो ऑलिंपिकचा हा विजेता १९६५ मध्ये मोटारसायकल अपघातात पाय चिरडून बसला होता. अनेक शस्त्रक्रिया फसल्यावर इलिझारोव यांनी त्यांचे हाड जुळवले, आखूड झालेला पाय लांबवला आणि ब्रुमेल पुन्हा दोन मीटरहून उंच उडाले. १९७१ मध्ये कुर्गानला स्वतंत्र संशोधन संस्था उभी राहिली. पोलादी पडद्याबाहेर ही विद्या नेली ती १९५८ साली काराकोरमचे चौथे गाशेरब्रुम शिखर सर करणाऱ्या इटालियन गिर्यारोहक कार्लो माउरी यांनी. त्यांच्या पायाचे जुने, न जुळणारे दुखणे १९८० मध्ये कुर्गानला बरे झाले. मायदेशी परतलेला त्यांचा पाय पाहून तेथील डॉक्टर थक्क झाले आणि १९८१ साली बेलाज्यो येथील परिषदेत इलिझारोव यांना बोलावणे गेले. त्याच दशकाच्या अखेरीस ही पद्धत भारतात आली. अकोल्यासारख्या जिल्ह्याच्या गावी डॉ. मिलिंद चौधरी यांनी या तंत्राचे केंद्र चालवले, हे आपल्याला विशेष वाटावे. कुर्गानही असेच बाजूला पडलेले गाव होते. इलिझारोव १९९२ साली वारले.

येथवरचा इतिहास कोणत्याही ज्ञानकोशात सापडेल. परंतु त्यात एक फट राहते. कुर्गानला रुग्ण महिनोन्महिने संस्थेतच राहत. नट फिरवायला, तारा पुसायला माणसे होती. आपल्याकडे तितके दिवस खाट कोणाला परवडणार? शस्त्रक्रिया इस्पितळात झाली, तरी रोजचा मिलिमीटर घरी आला. तो कोणी ओढला, हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नाही.

आमच्या विद्यार्थिनीचे वडील उद्यमबागेतील एका कारखान्यात टर्नर. पतसंस्थेचे कर्ज काढून त्यांनी हा घाट घातला. आज्जीचा सक्त विरोध होता. “चालतं पोर हाय, त्याचं हाड कशाला कापूचं?” हा तिचा प्रश्न अडाणी नव्हता, उपचारात जोखीम होतीच आणि डॉक्टरांनी ती लपवली नाही. त्यांनी शेवटी मुलीलाच विचारले. ती म्हणाली, “मला अनवाणी सरळ उभं राहायचंय.”

दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया झाली. हाड कापल्यावर आठवडाभर काहीच करायचे नसते. फटीत वाढीची तयारी होऊ द्यायची असते. मग सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा आणि रात्री दहा, अशा वेळा ठरल्या. वडिलांनी पहिल्याच दिवशी सळीच्या आट्यांवर बोट फिरवून ओळखले, “एक मिलिमीटरचं पिच. पूर्ण फेरा एक मिलिमीटर, पाव फेरा पाव.” चार सळ्या, प्रत्येकीवर चौकोनी नट, नटाच्या चार बाजूंना खुणा. आयुष्यभर लेथवर पोलाद कातलेल्या त्या माणसाचा हात पहिल्या पाव फेऱ्याला मात्र थरथरला, असे त्यांनीच मला सांगितले.

आईकडे तारांची निगा होती. तार जेथे कातडीत शिरते तेथे जंतू शिरतात, म्हणून रोज हात धुऊन प्रत्येक जागा पुसायची, लाली आली का पाहायचे. इस्पितळातील कागद इंग्रजीत, सूचना देणारी परिचारिका कानडी बोलणारी, आईचे शिक्षण मराठी सातवीपर्यंत. तेव्हा तिन्ही भाषा जाणणारी मुलगी स्वतःच्याच उपचाराची दुभाषी झाली. आज्जीचा विरोध कधी मावळला ते कळले नाही; पण पोटरीचे स्नायू ताणून टाच वर उचलली जाऊ नये म्हणून तळपायाला टॉवेल अडकवून रोज ओढण्याचे काम तिने कोणाला करू दिले नाही. धाकट्या भावाने कालनिर्णयच्या प्रत्येक चौकटीत चार काड्या मारण्याचे काम पत्करले. झोप न आलेल्या रात्री पुष्कळ होत्या. दोनदा तारेची जागा चिघळली. एकदा क्ष-किरणात नवे हाड विरळ दिसले आणि काही दिवस चारऐवजी तीनच फेरे द्यायला सांगितले.

आणि मी? मी त्या मातेला बोलावून म्हणालो होतो, “यंदाचं वर्ष सोडून द्या. पाय बरा झाला की पुढच्या वर्षी आठवीत बसवू.” ती शांतपणे म्हणाली, “सर, पाय तेवढा मागं ऱ्हायलाय. अभ्यासात कशाला मागं ठेवूचं?” मी खजील झालो. आठवीचा वर्ग माडीवरून तळमजल्यावर आणला. खरे तर एवढेच लागत होते. डिसेंबरपासून ती कुबड्या घेऊन येऊ लागली. दुपारच्या बाराला आई पाना घेऊन शाळेत येई. एके दिवशी आज्जी आजारी पडली, आई येऊ शकली नाही. मुलीने दप्तरातून दुसरा पाना काढून माझ्या हातात दिला आणि नटावरची खूण दाखवली. चार नट, चार पाव फेरे. इतिहासात एम.ए. झालेल्या या मास्तराने इतिहासाला हात लावला तो तेवढाच.

जानेवारीत ओढणे संपले. त्यानंतर नवे हाड टणक होईपर्यंत पिंजरा तसाच ठेवून चालायचे होते. तो मे महिन्याच्या अखेरीस निघाला.

अलीकडे या विद्येला एक निराळे वळण लागले आहे. हाडाच्या पोकळीत बसणारे, बाहेरून चुंबकाने लांबवता येणारे खिळे निघाले. बाहेर पिंजरा नाही, तारांच्या जखमा नाहीत. ते सोयीचे आहेत, पण खर्चिक, आणि वाढत्या वयाच्या प्रत्येक मुलाला चालतात असे नाही. दुसरीकडे, पाय धडधाकट असताना केवळ उंची वाढावी म्हणून हाडे कापून घेणारे तरुणही दिसू लागले. चीनने २००६ मध्ये अशा हौशी शस्त्रक्रियांवर बंदी घातली. ज्या घरांनी हा मिलिमीटर रोज मोजला आहे, त्यांना त्याची किंमत कोणी सांगायला नको. हौसेची वस्तू ही नव्हे.

ती मुलगी आता नोकरी करते. परवा तिच्या घरी गेलो होतो. आईने कपाटातून कालनिर्णयची ती जुनी पाने काढून दाखवली. चौकटीचौकटीत चार काड्या, मध्ये काही दिवस तीनच. कोपऱ्यात ‘ताप’, ‘एक्स-रे’, ‘आज शाळेत गेली’ अशी भावाच्या अक्षरातील टिपणे. आम्ही वर्गात शिकवतो, की ताम्रपट, नाणी, पत्रे, दप्तरे ही इतिहासाची साधने. तशीच ही पाने. मी त्यांना म्हणालो, “वहिनी, एवढं मात्र जपून ठेवा.” त्या म्हणाल्या, “ठेवलंयच की, सर.”