साथीनंतरचें जग आणि खानदेशांतील स्त्री

महामारीनंतरचें जग कसें असेल, ही कल्पना पाश्चात्त्य कादंबरीकारांना फार दिवस मोह घालीत आली आहे. मेरी शेली या इंग्रज लेखिकेनें १८२६ सालीं ‘द लास्ट मॅन’ लिहून अवघी मानवजात प्लेगाच्या मुखीं दिली व शेवटीं मागें ठेविला तो एक पुरुष. पुढें २०१४ सालीं मेग एलिसन या अमेरिकन लेखिकेनें एका सुईणीस आपली नायिका केलें. तिच्या कादंबरींत साथीनें बहुतेक स्त्रिया मरतात, राज्य व कायदा लयास जातात, आणि उरलेल्या स्त्रीस पुरुषवेष घेऊन जीव वांचवावा लागतो. अशा कथा वाचतांना आमचें मन मात्र खानदेशाकडे वळतें. कारण तेथील स्त्रियांना हें जग कल्पनेंत नव्हे, प्रत्यक्षांत पाहावें लागलें.

मुंबईस सप्टेंबर १८९६ मध्यें प्लेग प्रकट झाला. उंदीर व पिसवा धान्याच्या पोत्यांबरोबर आगगाडीनें प्रवास करूं लागल्या, आणि कापसाच्या व्यापाराचें जळगांव तर त्या हमरस्त्यावरच वसलेलें. घरांत उंदीर पडूं लागले कीं लोक गांव सोडून शेतांत झोपड्या घालीत. त्यांतच १८९९–१९०० चा दुष्काळ आला. पुढील पंचवीस-तीस वर्षांत या रोगानें हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें नेलीं.

१९०६ सालीं खानदेशाचे दोन जिल्हे झाले. पूर्वेचें ठाणें जळगांव व पश्चिमेचें धुळें. दोन्हींवर १९१८ सालीं इन्फ्ल्यूएंझाची धाड पडली. लोक त्या तापास मानमोडी म्हणत. पावसानें त्या वर्षीं दगा दिलेला, आणि ऐन सुगीच्या तोंडीं घरेंच्या घरें अंथरुणास खिळलीं. देशांत या साथीनें पुरुषांपेक्षां स्त्रियांचे बळी अधिक घेतले, असें पुढील खानेसुमारीनें नोंदविलें. कोंदट खोलींत रोग्याच्या उशाशीं बसणारी तीच, आणि स्वतःला ताप भरला तरी चुलीपासून सुटका नसलेली तीच. हिंदुस्थानांत १९०१ सालीं दर हजार पुरुषांमागें ९७२ स्त्रिया होत्या; १९२१ सालीं ९५५ राहिल्या. या घटीचें सारें कारण साथींत नसेल. तथापि साथींचा वांटा तींत खास आहे.

मेल्या त्यांची निदान संख्या झाली. ज्या जगल्या त्यांचें काय? कादंबरींतील स्त्रीचें संकट असें, कीं कायदा उरला नाहीं. खानदेशांतील स्त्रीचें संकट याच्या उलट होतें. येथें कुळकर्ण्याचें दप्तर चालूं राहिलें, साऱ्याचा हप्ता पडत राहिला, कोर्टें उघडीं राहिलीं. आणि कायदा जसा होता तसाच उरला. अविभक्त कुटुंबांतील विधवेस अन्नवस्त्रापलीकडे हक्क नव्हता. ज्या जातींत पाट लागे त्यांतही पाट लावणारी बाई पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीस मुके. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यांतच तसें कलम होतें. १९३७ सालीं विधवेस नवऱ्याच्या हिश्शांत हयातीपुरता वांटा देणारा कायदा आला, तर १९४१ सालीं फेडरल कोर्टानें ठरविलें कीं प्रांतांतील शेतजमिनीस तो लागू नाहीं. ज्या मुलखांत शेत हीच मिळकत, तेथील बाईला या निवाड्याचा अर्थ कोणीं समजावून सांगावयास नको. मुंबई प्रांतानें पुढें ही उणीव भरून काढली. परंतु मानमोडीच्या वर्षीं विधवा झालेलीची तोंवर दोन तपें उलटलीं होतीं.

जळगांवजवळच्या आसोद्याची एक कन्या १८८० सालीं जन्मली, तेराव्या वर्षीं जळगांवीं चौधऱ्यांच्या घरीं आली व तिशींत विधवा झाली. प्लेगानें तिच्या ओंकार या मुलास जन्माचें अपंगत्व दिलें. तिनें शेत पाहिलें, मुलें वाढविलीं, आणि काम करतां करतां गाणीं रचिलीं. तीच बहिणाबाई. कादंबरींतील सुईण आपली वही स्वतः लिहिते. बहिणाबाईंस अक्षरओळख नव्हती. पुत्र सोपानदेव कवि निघाला व घरच्यांनीं गाणीं टिपून ठेविलीं, म्हणून १९५२ सालीं, तिच्या मृत्यूनंतर वर्षभरानें, तीं ग्रंथरूपानें महाराष्ट्रापुढें आलीं.

तिच्याच शिवारांत, तिच्याच वयाच्या, तसाच संसार ओढणाऱ्या किती बाया असतील! त्यांच्या घरीं टिपून घेणारा कोणी नव्हता, एवढाच काय तो भेद. जग बुडाल्यावर स्त्री कशी जगेल, याचें कुतूहल ज्यांस आहे त्यांनीं जग न बुडतां ती कशी जगली हेंही एकवार पाहावें. साथ ओसरली कीं माणसें झोपड्या मोडून गांवांत परतत. रीत मात्र गांव सोडून कधीं गेलीच नव्हती.