घातांकाआधीची वजाबाकी

बैजिक अपूर्णांक सोपा करताना आज शाळेतली मुलगी अंशातल्या क्षच्या डोक्यावरच्या ६ मधून छेदातल्या क्षच्या डोक्यावरचे २ वजा करते आणि क्षचा चौथा घात लिहून मोकळी होते. ही सफाई तिच्या बुद्धीपेक्षा लेखनपद्धतीची आहे, असे माझे म्हणणे. पुरावा भास्कराचार्यांच्या परंपरेतच सापडतो. त्यांच्या ११५० च्या ‘बीजगणिता’त अव्यक्तासाठी ‘या’, त्याच्या वर्गासाठी ‘याव’ आणि घनासाठी ‘याघ’ अशी अक्षरे येतात. वरच्या घातांना या परंपरेत जोडनावे असत. चौथा घात वर्गवर्ग, सहावा घनवर्ग. इथे दोन आणि तीन यांचा गुणाकार होतो. पाचव्याला मात्र बेरीज लागते, म्हणून तो वर्गघनघात. आता घनवर्गाला वर्गाने भागा. नावातला ‘वर्ग’ खोडला तर घन उरतो आणि उत्तर साफ चुकते. खरे उत्तर वर्गवर्ग. वर्गघनघातातून तसाच वर्ग खोडला तर उरलेला घन मात्र बरोबर! त्यातून अलेक्झांड्रियाच्या डायोफँटसकडे वर्ग आणि घन जोडून होणारे नाव पाचव्या घाताचे. म्हणजे नावावर भरवसा ठेवायची सोयच नाही.

जुने गणिती म्हणून चुकत होते असे अर्थातच नाही; नियम त्यांना पक्का ठाऊक होता. पण कागदावरची खूण त्यांना मदत करत नव्हती, हिशेब मनातच करावा लागे. यावर कोणी बाराव्या शतकातल्या बगदादच्या अस्-समवालचे नाव पुढे करील. आजची चिन्हे नसतानाही त्याने घातांचा गुणाकार-भागाकार नियमात बसवला होता. आक्षेप वजनदार आहे, पण समवालने केले काय ते पाहा. त्याने कोष्टक आखले, मधोमध एकक ठेवला, एका बाजूला चढते घात, दुसऱ्या बाजूला त्यांचे व्यस्त, आणि प्रत्येक रकान्यावर क्रमांक घातला. भागाकार म्हणजे घरे मोजत सरकणे. थोडक्यात, नावांना आकडे दिले तेव्हाच त्याचे काम सोपे झाले. आक्षेप माझ्याच बाजूने साक्ष देतो.

मग आकडा सुचला की भागले का? तेही नाही. निकोला शुके याने १४८४ मध्येच शून्य आणि ऋण घातांक वर लिहून दाखवले होते. त्याचे हस्तलिखित छापले गेले ते १८८० मध्ये. तोवर देकार्तने १६३७ मध्ये छापलेली पद्धत आणि वॉलिसने १६५६ मध्ये मांडलेला ऋण घातांकांचा अर्थ पाठ्यपुस्तकांत कधीच रुळून गेले होते.