शंभर नंबरी

विदर्भातल्या केशोरीला एका घराच्या चौकटीसाठी लाकूड निवडत होतो. आरामशीनवरून आलेली सागाची एक पाटी मिस्त्रीने उचलली, कडेच्या पांढुरक्या पट्ट्यावर अंगठा ठेवला आणि बाजूला टाकली. ‘‘हा कच्चा हाये भाऊ. उधई इथूनच लागते.’’ पुढच्या पाटीच्या आधी रेघा पाहिल्या, मग गाठी, शेवटी हातोडी ठोकून आवाज ऐकला. ऐनाच्या लाकडाचा विषय निघाला तेव्हाही माप सागाचंच: सागाहून जड, पण वाळताना फाकतो.

संस्कृतातला ‘शाक’ प्राकृतातून येता येता ‘साग’ झाला. शाक म्हणजे भाजीही, आणि हा वृक्षही! करवतसुद्धा संस्कृतातलीच, ‘करपत्र’. केशोरीकडे मात्र तिला कोणी विचारत नाही, इथे आराच.

सगळी लाकडं सागाशी ताडून पाहायची ही सवय सरकारदरबारीही आहे. १९०६ साली स्थापन झालेल्या देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत देशभरच्या लाकडांचे तुकडे यंत्रात वाकवले, दाबले, मोडले गेले. व्ही. डी. लिमये यांनी १९५४ मध्ये त्या लाकडांची गुणांनुसार प्रतवारी मांडली. तुळईची ताकद, ताठपणा, धक्का सोसणं, आकार टिकवणं, कठीणपणा, प्रत्येक रकान्यात सागाला १०० गुण आणि बाकीच्यांना त्या हिशेबाने. सोन्याला आपण लाडाने शंभर नंबरी म्हणतो. साग अक्षरशः शंभर नंबरी. अर्थात शंभर म्हणजे सर्वांत बळकट नव्हे. तुळई म्हणून सालवृक्ष सागाला मागे टाकतो. सागाचं मोल आकार न सोडण्यात आहे, आणि दाराला तेच हवं असतं.

बांधकामातल्या लाकडाचं भारतीय मानक, क्रमांक ८८३, एकाच जातीच्या लाकडातही तीन प्रती पाडतं: निवडक, पहिली, दुसरी. रेघ किती तिरपी चालेल? निवडक प्रतीत २० इंचांत एक इंच, पहिलीत १५ इंचांत, दुसरीत १२ इंचांत. पहिल्या प्रतीवर जेवढा ताण टाकायची मुभा, त्याच्या १.१६ पट निवडकवर आणि ०.८४ पट दुसरीवर. कारण तिरप्या रेघेत धागे मध्येच कापले जातात आणि भार आला की लाकूड तिथेच चिरतं.

मिस्त्रीने पट्टी काढलीच नाही. एक डोळा मिटून टोकाकडून पाटी न्याहाळली, मधल्या मोठ्या गाठीशी थांबला आणि म्हणाला, ‘‘हे गाईच्या कोठ्याच्या दाराले.’’