लोकर कोणी कातली?



थंडी पडू लागली की अल्लीपूरच्या दुकानात रंगीत लोकरीचे गोळे दिसू लागतात. लाल, पोपटी, गुलाबी. आपण ते आणतो आणि नातवंडांची टोपडी, मोजे, स्वेटर विणायला बसतो. पण आपण ज्याला लोकर म्हणतो, त्यातल्या बहुतेक गोळ्यांचा मेंढीशी काही संबंध नसतो. तो असतो अ‍ॅक्रिलिकचा धागा, खनिज तेलापासून कारखान्यात काढलेला. अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीने असा धागा १९५० च्या सुमारास बाजारात आणला आणि पुढे तो जगभर पसरला.

ओळखायचं कसं? बोटभर धागा चिमट्यात धरून जाळून पाहा. खरी लोकर असेल तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अ‍ॅक्रिलिक वितळतं आणि त्याची काळी, टणक गाठ होते.

मग खरी लोकर गेली कुठे? ती तर आपल्या धुऱ्यापाशीच आहे. पऱ्हाटी उपटून झाली की आपल्या भागात वावरात मेंढ्या बसवतात. कच्छकडचे रबारी पिढ्यान् पिढ्या वर्धा, यवतमाळ, नागपूर, चंद्रपूर या भागात कळप घेऊन फिरत आले आहेत. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंड्यांचं खत मिळतं, म्हणून शेतकरी त्यांना धान्य किंवा पैसे देतो. खताचा भाव सगळ्यांना ठाऊक असतो. लोकरीचा भाव मात्र आपण कधी विचारत नाही.

एके काळी लोकरीला मोल होतं. महाराष्ट्राच्या कोरड्या पठारावरची जुनी मेंढी म्हणजे दख्खनी मेंढी. ती उन्हातान्हात मैलोन् मैल चालते, मिळेल त्या चाऱ्यावर जगते. तिची लोकर वर्षातून दोनदा कातरतात आणि वर्षाकाठी एका मेंढीची जेमतेम अर्धा किलो भरते. लोकर जाड, भरड, बहुधा काळी. तिचीच घोंगडी होते. पावसात ती डोक्यावरची खोळ, रात्री अंथरूण-पांघरूण, देवकार्यात आसन.

ही घोंगडी किती हातांतून जाई ते पाहा. मेंढी कातरायची पुरुषांनी. लोकरीतले काटे-कुसळं काढणं, ती मोकळी करणं, चरख्यावर तिचं सूत कातणं हे बहुतेक बायकांकडे. मग सूत मागावर जाई. पश्चिम महाराष्ट्रात सनगर विणत. आपल्या पूर्वेला, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, मेंढ्या राखणारे कुरमार घोंगड्या विणत. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून सूत ताठ करत. घोंगडी विकली की मेंढीवाल्याचा आणि विणणाऱ्याचा हिशेब होई. कातणारीचं काम मात्र स्वयंपाक-पाण्यासारखं, घरातलंच धरलं जाई.

हा प्रश्न आपल्या जिल्ह्याला नवा नाही. १९३५ साली चरखा संघाची बैठक वर्ध्यात झाली. खादी स्वस्त राहावी म्हणून कातणाऱ्या बाईला अगदी तुटपुंजी मजुरी मिळत होती. कातणाऱ्यांना निदान पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे, असा गांधीजींचा आग्रह होता आणि तसा ठराव झाला. खादी महाग होईल, गिऱ्हाईक जाईल, अशी भीती अनेकांना वाटत होती. त्याच काळात नालवाडीला विनोबा रोज तासन् तास सूत कातत होते. कातणाऱ्याच्या मजुरीत माणसाचं पोट भरतं का, हे त्यांनी स्वतः त्या मजुरीवर राहून पाहिलं. हा सगळा हिशेब कापसाच्या सुताचा होता. मेंढीच्या सुताचा असा हिशेब आपण कधी मांडला नाही.

दूरदेशच्या बायांचंही असंच झालं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलँड नावाची बेटं आहेत. तिथली मेंढी लहान चणीची, लोकर मऊ. बाया पाठीवर जळणाची टोपली घेऊन चालता चालता विणत. त्यांच्या काही शाली इतक्या तलम असत की अंगठीतून आरपार जात. पण व्यापारी त्यांना रोख पैसे देत नसत. चहा नाही तर कापड देत. १८७२ साली सरकारी चौकशी आयोग बसला, तेव्हा त्या बायांनी पुढे येऊन हे सांगितलं. आज शेटलँडच्या लोकरीला नाव आहे, कायद्याचं संरक्षणही आहे.

आपल्याकडे उलट झालं. गिरणीची ब्लँकेटं स्वस्त मिळू लागली आणि घोंगडीचं गिऱ्हाईक गेलं. मेंढी मटणासाठी पाळली जाऊ लागली. आता कातरणीची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त पडते, म्हणून कित्येक ठिकाणी लोकर कातरून तिथेच फेकून देतात.

मागच्या हिवाळ्यात आमच्या गटाने वावरात बसलेल्या कळपातल्या बायांकडून थोडी लोकर विकत घेतली. रिठ्याच्या कोमट पाण्यात, न चोळता, न घुसळता धुतली. चोळली की लोकरीचा नमदा होतो. पहिल्या वेळी आमचा झाला. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायांनी लहानपणी शाळेत टकळी फिरवली होती. त्यांचा हात लगेच बसला, आमचा बसायला वेळ लागला. सूत भरड निघालं. ते अंगाला टोचतं, म्हणून लेकराच्या टोपड्याला चालत नाही. पण जाड सुयांवर, नुसत्या सुलट टाक्यांनी विणलेलं आसन झकास झालं.

ते आसन विकायला नेलं तर गिऱ्हाईक म्हणालं, "अ‍ॅक्रिलिकचं याच्या निम्म्यात मिळतं." आमच्यातल्या काहीजणी म्हणाल्या, देऊन टाकू. रात्री बसून हिशेब मांडला. लोकरीचे पैसे धरले होते, विणण्याचे धरले होते. कातण्याच्या सहा दुपारी आम्ही स्वतःच धरायला विसरलो होतो! बायांनीच बाईचं काम सोडून दिलं होतं.

आता आमच्या वहीत तीन रकाने आहेत: लोकर, कातणं, विणणं. त्या भावात माल कमी जाईल, हे आम्हाला ठाऊक आहे. पण कातणारीला सोडून लावलेल्या भावात आम्ही विकणार नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे.

यंदाही पऱ्हाटी निघाली की मेंढ्या येतील. तुमच्या गावात आल्या, तर खताबरोबर लोकरीचंही विचारा. आणि माळ्यावर आजीची टकळी पडली असेल, तर खाली काढून ठेवा.