ई-पीक पाहणी

ई-पीक पाहणी हे शेतकऱ्याला आपल्या शेतातील पिकाची नोंद सातबारा उताऱ्यावर स्वतः करता यावी यासाठी तयार केलेले महाराष्ट्र शासनाचे मोबाइल ॲप आहे. महसूल व कृषी विभागांच्या या संयुक्त प्रकल्पाची राज्यभर अंमलबजावणी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली. ॲपच्या निर्मितीत टाटा ट्रस्ट्सचा सहभाग होता.

पार्श्वभूमी

सातबारा उतारा गाव नमुना ७ (जमिनीचे हक्क) व गाव नमुना १२ (पिके) मिळून बनतो. पूर्वी नमुना १२ मधील नोंदी तलाठी करीत असे. एका तलाठ्याकडे अनेकदा एकाहून अधिक गावे असल्याने हंगामाच्या मुदतीत प्रत्येक गटावर पोहोचणे अवघड होई. नोंद चुकल्यास किंवा राहून गेल्यास, शेतात पीक उभे असूनही पीककर्ज, पीकविमा, आपत्तीतील मदत व हमीभावाने विक्री यांत अडचण येते.

कार्यपद्धती

खातेदार मोबाइल क्रमांकाने नोंदणी करून गट क्रमांक निवडतो. त्यानंतर हंगाम, पीक, क्षेत्र व सिंचनाचे साधन भरून शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढतो. छायाचित्रासोबत त्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात. एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. त्यामुळे स्मार्टफोन नसलेल्यांना इतरांच्या फोनचा उपयोग होतो. ऑगस्ट २०२२ पासून वापरात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्याचे स्वयंघोषणापत्र ग्राह्य धरून १० टक्के नोंदींची तलाठ्यामार्फत पडताळणी करण्याची, तसेच ४८ तासांत दुरुस्तीची तरतूद करण्यात आली. २०२४ च्या रब्बी हंगामापासून राज्यभर केंद्र शासनाच्या डिजिटल क्रॉप सर्व्हे प्रणालीवर आधारित ॲप वापरले जाते.

भंडारा जिल्ह्यातील महत्त्व

भात हे भंडारा जिल्ह्याचे मुख्य पीक आहे. तुमसर तालुक्यातील सिहोरा परिसरात चांदपूर जलाशयाच्या पाण्यावर भातशेती होते. आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी नोंदणी करताना पिकाची नोंद असलेला सातबारा लागतो. खरीप व उन्हाळी धानाची नोंद त्या-त्या हंगामात स्वतंत्रपणे करावी लागते.

मर्यादा

मोबाइलने दाखवलेले स्थान व गटाचा नकाशा जुळत नसल्यास प्रत्यक्ष शेतात उभे राहूनही नोंद अडते. दुर्बल नेटवर्क व वयस्क शेतकऱ्यांचा ॲपशी असलेला अपरिचय या अन्य अडचणी आहेत. मुदतीत नोंद न झालेल्या क्षेत्रांसाठी गावपातळीवर सहायकांमार्फत पाहणी केली जाते.