शार्क-आवाहन
पापुआ न्यू गिनीतील न्यू आयर्लंड बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः कोंतू व आसपासच्या गावांत, रूढ असलेली शार्क पकडण्याची पारंपरिक पद्धती. येथील मच्छीमार उलांडी लावलेल्या लहान होडीतून समुद्रात जातो व वेताच्या कड्यात ओवलेल्या करवंट्यांचा खुळखुळा पाण्यात हलवतो. आवाजाने जवळ आलेल्या शार्कला आमिष दाखवून तो दोराच्या फासात घेतो. फासाला विमानाच्या पंख्यासारखा लाकडी तरंड जोडलेला असल्याने शार्कला खोल बुडी मारता येत नाही. तो दमला, की सोट्याने मारून होडीत ओढतात.

शार्कमध्ये पूर्वजांचे आत्मे वसतात, अशी श्रद्धा असल्याने समुद्रावर जाण्यापूर्वी काही अन्नपदार्थ व स्त्रीसंग वर्ज्य मानतात. अन्यत्र अपघात ठरणारी ही गाठ येथे व्रतस्थ राहून मागितली जाते.

जर्मन राजवट (१८८४–१९१४), ख्रिस्ती मिशने व रोख मजुरी यांमुळे ही प्रथा क्षीण झाली. डेनिस ओरूर्क यांनी १९८२ मध्ये तीवर माहितीपट काढला. महासागरी शार्क व पाकट यांची जागतिक संख्या १९७० ते २०१८ या काळात सु. ७१ टक्क्यांनी घटली; त्याचे मुख्य कारण अतिमासेमारी होय. परिणामी हाक देणारे व हाकेला येणारे, दोघेही विरळ होत आहेत.